हाताने चालवली की चालते, बूटला चालत नाही

ह्या एका वाक्यापायी माझं जेवढं रक्त आटलंय तेवढं कुठल्याही एररपायी आटलं नसेल, कारण एरर नसतेच ना. स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडांची फाइल, जागेवर आहे, ती चालवायची परमिशन बरोबर आहे, टर्मिनलवर बसून चालवली तर शहाण्या मुलीसारखी चालते, आणि मशीन रिबूट केलं, म्हणजे बंद करून परत चालू केलं, की कधी चालते कधी नाही. कधीतरी चालते हेच सगळ्यात वाईट. कायमची बंद पडली असती तर तासाभरात सापडली असती.

तर ही गोष्ट अशाच एका स्क्रिप्टची, आणि ती मीच लिहिली होती, त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

एक लिनक्स सर्व्हर. त्याला दोन डिस्क, छोटीवर सिस्टिम आणि मोठी /डेटा ह्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरमधून दिसते. बाकीची मशीन्स दिवसभर ह्या सर्व्हरला फाइली पाठवतात आणि एक छोटा प्रोग्रॅम, आम्ही त्याला नुसतं रिसीव्हर म्हणतो, त्या घेऊन /डेटा/इनकमिंग मध्ये टाकतो. हा रिसीव्हर बूटच्या वेळी आपोआप चालू व्हावा म्हणून मी आरसी.लोकल मध्ये, म्हणजे बूटला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, तीन ओळी टाकल्या होत्या. एमकेडिर -पी ने फोल्डर बनव, असेल तर गप्प बस. मग त्यात सीडी कर, म्हणजे आत जा. मग रिसीव्हर बॅकग्राउंडला सोड. तीन ओळी! ह्यात चुकणार काय?

एकदा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट करायला रात्री रिबूट केलं आणि सकाळी टीममधली मैत्रीण म्हणाली, "अगं, रात्रीपासून एकही फाइल आलेली नाहीये." रिसीव्हरचा लॉग उघडला तर मिळाली, लिहिली, मिळाली, लिहिली अशा शेकडो ओळी. फोल्डर उघडला तर रिबूटच्या आधीपर्यंतच्या फाइली आहेत आणि त्यानंतर ठणठणाट. म्हणजे रिसीव्हर शपथेवर सांगतोय की लिहिली, आणि फाइल तर नाही. रिसीव्हर हाताने रिस्टार्ट केला, लगेच फाइली दिसायला लागल्या. मग मुद्दाम रिबूट करून बघितलं, पहिल्यांदा बरोबर, दुसऱ्यांदा बरोबर, तिसऱ्यांदा परत तोच तमाशा.

आता पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी तेच केलेलं असणार म्हणून सांगते. टायमिंगचं काहीतरी आहे एवढं कळलं, काय आहे ते बघायला वेळ नव्हता, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्लीप १०, म्हणजे दहा सेकंद थांब, असं टाकलं. पाच वेळा रिबूट केलं, पाचही वेळा चाललं. ज्यांच्या फाइली हरवल्या होत्या त्यांना परत पाठवायला सांगितलं, तिकीट बंद केलं, घरी गेले.

दोन महिन्यांनी एका रविवारी अलर्ट आला की रूट डिस्क १०० टक्के भरली. /डेटा नाही हां, रूट, म्हणजे छोटी, जिच्यावर सिस्टिम सोडून काही नसतंच. लॉगिन केलं, डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारं डीएफ म्हणतंय डिस्क भरली, फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या डीयू ने सगळे फोल्डर मोजले तर बेरीज पाव डिस्कसुद्धा होत नाही. अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय एकच असतो, कुणीतरी फाइल डिलीट केलीय पण एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती उघडी धरून ठेवलीय, त्यामुळे नाव गेलं पण जागा सुटली नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ ने ते तपासलं. तसं काही नव्हतं. मग फाइल सिस्टिमच खराब झालीय का इथपर्यंत डोकं गेलं. आणि तेवढ्यात लक्षात आलं की शुक्रवारी रात्री मशीन रिबूट झालंय आणि शुक्रवार रात्रीपासूनच्या फाइली /डेटा/इनकमिंग मध्ये नाहीयेत.

इथे मला पहिल्यांदा रिसीव्हरकडे नीट बघावंसं वाटलं. प्रत्येक प्रोसेसची /प्रॉक मध्ये एक कुंडली असते आणि त्यात सीडब्ल्यूडी नावाची एक लिंक असते, ती प्रोसेस आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये बसलीय ते सांगणारी. लिंक वाचली तर /डेटा/इनकमिंग. बरोबर आहे की. मग मी सहज त्या लिंकच्या आत एलएस मारलं, म्हणजे आतल्या फाइलींची यादी मागितली. आणि तिथे फाइली होत्या! सगळ्या. शुक्रवारपासूनच्या, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळच्या पण, ज्या आम्ही हरवल्या म्हणून जाहीर केल्या होत्या. नुसतं /डेटा/इनकमिंग असं टाइप करून एलएस मारलं तर वेगळंच फोल्डर. पाथ अक्षरन् अक्षर सारखा, आत सामान वेगळं. दोन्हीवर फाइलची माहिती देणारं स्टॅट चालवलं तर डिव्हाइस नंबरच वेगळे आले, एक मोठ्या डिस्कचा, एक रूटचा.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. लिनक्समध्ये डिस्क माउंट करायची म्हणजे एका फोल्डरवर चादर टाकण्यासारखं आहे. चादर टाकायच्या आधी त्या फोल्डरमध्ये काही ठेवलं असेल तर ते जात नाही, झाकलं जातं. माझी स्क्रिप्ट चालली तेव्हा मोठी डिस्क अजून माउंटच झाली नव्हती. /डेटा हे रूट डिस्कवरचं नुसतं रिकामं फोल्डर होतं, त्यात एमकेडिर -पी ने इमानदारीत इनकमिंग बनवलं, सीडीने आत नेलं, रिसीव्हर तिथे जाऊन बसला, आणि मग काही सेकंदांनी वरून चादर पडली. रिसीव्हर चादरीखालीच. त्याला काय माहीत, तो आपला आहे त्या फोल्डरमध्ये फाइली लिहितोय, लिहिल्या म्हणून सांगतोय, आणि खरंच सांगतोय. बाकी सगळं जग चादरीच्या वरून बघतंय. आणि हाताने रिस्टार्ट केला की तो नव्याने सीडी करून चादरीवर येऊन बसणार, म्हणजे झालं, चाललं!

खालचं सामान बाहेर काढायला रूट फाइल सिस्टिम दुसरीकडे बाइंड माउंट करायची, म्हणजे तीच अजून एका फोल्डरवर दाखवायची, /एमएनटी वगैरे कुठेही. साधं बाइंड केलं की वर टाकलेल्या चादरी बरोबर येत नाहीत, खालचं सगळं उघडं दिसतं. डीएफ आणि डीयूचा हिशोब जुळत नसेल आणि उघड्या धरलेल्या फाइली पण नसतील तर हे एकदा करून बघाच.

पण खरा प्रश्न पुढेच. बूटच्या वेळी माउंट आधी आणि आरसी.लोकल नंतर, हे तर ठरलेलं असतं ना? असतं. मग डिस्क उशिरा का आली?

उत्तर एफएसटॅब मध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, होतं आणि तेही माझ्याच हातचं. त्याच्या काही महिने आधी ती मोठी डिस्क एकदा दिसेनाशी झाली होती, केबल सैल होती, आणि तेव्हा सर्व्हर बूटला अडकला. "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं म्हणत लाल तारे डावीकडून उजवीकडे पळतात आणि समोर दीड मिनिटाचा काउंटर, तो स्क्रीन बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सिस्टिमडी, म्हणजे बूटला बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम, डिस्कसाठी डिफॉल्ट ९० सेकंद थांबतो आणि तरी आली नाही तर इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. मग एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, नाही, काही नाही, मशीनसमोर जाऊन उभं राहायचं. ते परत होऊ नये म्हणून मी एफएसटॅबमध्ये त्या डिस्कच्या ओळीत नोफेल घातलं. सगळे तेच सुचवतात आणि ते चूकही नाही. फक्त नोफेलचा अर्थ मी असा घेतला होता की डिस्क नसली तर अडू नकोस. सिस्टिमडीच्या मॅन्युअलमध्ये त्याच्या पुढचं पण लिहिलंय, की नोफेल असेल तर बूट त्या माउंटसाठी थांबणारच नाही, मग ते माउंट होवो न होवो. म्हणजे डिस्क धडधाकट असली तरी तिचा नंबर लोकल-एफएस टार्गेटच्या, म्हणजे डिस्का लागून झाल्या ह्या टप्प्याच्या, आधी लागेलच ह्याची खात्री गेली. डिस्क आपल्या गतीने माउंट होतेय, बाकीचं बूट आपल्या गतीने पुढे पळतंय, आणि माझी स्क्रिप्ट कधी पुढे कधी मागे.

म्हणजे एक दुरुस्ती केली तिच्या पोटातून दुसरा घोळ निघाला, आणि त्या घोळावर मी स्लीप १० ची पट्टी मारली. दहा सेकंद एरवी पुरत होती. त्या शुक्रवारी मोठ्या डिस्कच्या फाइल सिस्टिमवर एररची खूण पडलेली होती, म्हणून एफएसचेकने पूर्ण तपासणी काढली, ती काही मिनिटं चालली आणि स्लीप १० कधीच संपून गेलं होतं.

जर्नल, म्हणजे सिस्टिमडीचा लॉग, आधीच बघितलं असतं तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं, ह्याचा जास्त राग येतो. जर्नलसीटीएलला -बी दिलं की फक्त ह्या बूटचा लॉग, -बी -१ म्हणजे मागच्या बूटचा, आणि आउटपुटचा प्रकार शॉर्ट-मोनोटॉनिक सांगितला की तारीख-वेळेऐवजी बूट झाल्यापासून किती सेकंद झाले ते दिसतं. बूटच्या भानगडीत हेच बघायचं, कारण घड्याळाचा तेव्हा भरवसा नसतो. मी नंतर जुने बूट काढून बघितले तर सरळ दिसत होतं, चांगल्या बूटमध्ये माउंटची ओळ आधी आणि आरसी-लोकल नंतर, वाईट बूटमध्ये उलटं. मध्ये जेमतेम सेकंदा-दोन सेकंदांचा फरक. एक मात्र, मागच्या बूटचे लॉग हवे असतील तर ते डिस्कवर साठले पाहिजेत. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डरच नसेल तर बऱ्याच मशीनवर डिफॉल्ट सेटिंगला जर्नल फक्त /रन मध्ये म्हणजे मेमरीत राहतो आणि रिबूटला पुसला जातो. नवीन मशीन हातात आलं की मी आता सगळ्यात आधी ते फोल्डर आहे का बघते.

जुन्या लोकांना इथे हसू येत असेल. जुन्या सिस-व्ही इनिटच्या, म्हणजे सिस्टिमडीच्या आधीच्या बूट पद्धतीच्या, काळात हा प्रकार व्हायचा नाही किंवा फारच क्वचित, कारण तिथे सगळं नंबरवारी चालायचं. आरसी३.डी सारख्या फोल्डरमध्ये एस१०, एस२०, एस९९ अशा नावाच्या लिंका, एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल, लहान नंबर आधी मोठा नंतर, एक संपल्याशिवाय दुसरी नाही. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारखं. एक पोरगं अडलं की मागची सगळी थांबणार, म्हणून बूटला वेळ लागायचा, पण कोण कुणाच्या आधी हे नुसतं एलएस मारून कळायचं. आणि आरसी.लोकल सगळ्यात शेवटी, तोपर्यंत सगळं उभं असायचं. त्या नावातलं आरसी हे १९६० च्या दशकातल्या सीटीएसएस सिस्टिममधल्या रनकॉम वरून आलंय, म्हणजे कमांडांची यादी ओळीने चालव, एवढंच. मग २००६ ला उबंटू ह्या लिनक्सच्या एका प्रकाराने अपस्टार्ट ही नवी बूट पद्धत आणली, २०१० ला पॉटरिंग आणि सीव्हर्स ह्या दोन प्रोग्रॅमरांनी सिस्टिमडी आणलं, २०११ ला फेडोरा १५ ने ते डिफॉल्ट केलं आणि २०१५ ला डेबियन ८ ने, हेही लिनक्सचेच प्रकार. सिस्टिमडीचं सूत्र असं की ज्याला ज्याची गरज आहे ते सांगा, बाकी सगळं मी एकदम सुरू करतो. त्यावरून लोकांनी जी भांडणं केली ती मी इथे उकरून काढणार नाहीये. पण सांगायची जबाबदारी आता आपल्यावर आली हे खरं, आणि माझ्या तीन ओळींनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

मग मी आरसी.लोकल मधून ते काढून नीट सर्व्हिस युनिट, म्हणजे रिसीव्हर कधी आणि कसा सुरू करायचा ते सिस्टिमडीला सांगणारी फाइल, लिहिलं. त्यात महत्त्वाची ओळ एकच, रिक्वायर्स-माउंट्स-फॉर आणि पुढे /डेटा. ह्याने सिस्टिमडीला कळतं की ह्या पाथसाठी जे जे माउंट लागतं ते आधी झालं पाहिजे, आणि झालं नाही तर ही सर्व्हिस सुरूच करायची नाही. एफएसटॅबमध्ये नोफेल तसंच ठेवलं, म्हणजे डिस्क मेली तरी मशीन बूट होणार, एसएसएच मिळणार, फक्त रिसीव्हर बंद दिसणार, जे मला हवंच आहे. एमकेडिर -पी काढून टाकलं, फोल्डर नसेल तर बोंबल, गपचूप बनवू नकोस. आणि एक जुनी युक्ती, डिस्क अनमाउंट असताना खालच्या रिकाम्या /डेटा फोल्डरला सीएचएटीटीआर +आय केलं, म्हणजे बदल करता येणार नाही असं कुलूप लावलं. त्यामुळे चादर नसताना त्या फोल्डरमध्ये रूट ह्या सर्वाधिकारी युजरलासुद्धा नवीन काही बनवता येत नाही, चादर पडली की वरचं सगळं नॉर्मल.

आता हाताने चालते पण बूटला चालत नाही ह्याची बाकीची कारणं, कारण दर वेळी डिस्कच असते असं नाही.

आपण टर्मिनलवर बसतो तेव्हा आपल्या आजूबाजूला लॉगिनने केवढा संसार मांडून ठेवलेला असतो हे आपल्याला कळतच नाही. पाथ म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, होम, लँग, टर्म असले व्हेरिएबल, बॅशआरसी मधली एलियसं, आपण बसलोय ते फोल्डर. बूटला ह्यातलं जवळपास काही नसतं. पाथ मोजका, होम बऱ्याचदा सेटच नसतं, चालू फोल्डर म्हणजे सगळ्यात वरचं रूट फोल्डर. त्यामुळे तुम्ही स्वतःच्या होममध्ये टाकलेली कमांड सापडत नाही आणि एक्झिट कोड १२७ येतो. बूटशिवाय हे पकडायचं असेल तर स्क्रिप्ट एनव्ही -आय लावून चालवायची, म्हणजे सगळे व्हेरिएबल पुसून, पाथ हाताने छोटा देऊन. निम्मे घोटाळे रिबूट न करता तिथेच पकडले जातात. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर! रिबूट करायचा, पाच मिनिटं वाट बघायची, चुकलं, परत रिबूट, असे माझे आयुष्यातले किती दिवस गेलेत काय माहीत.

२०३ एक्झेक असं स्टेटस दिसलं तर स्क्रिप्ट चाललीच नाही, सुरूच करता आली नाही. एक्झिक्युट बिट, म्हणजे चालवायची परमिशन, नसेल, पहिली शेबँगची ओळ, म्हणजे स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी, विसरली असेल, किंवा, आणि हे मला दोनदा चावलंय, फाइल विंडोजवर एडिट करून आणलेली असेल. विंडोजच्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न असतो, त्यामुळे कर्नल बिन/एसएच नाही तर बिन/एसएच-आणि-एक-भूत असा इंटरप्रिटर शोधतो, सापडत नाही, आणि एरर येते की अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसतेय! कॅट -ए मारलं की ओळीच्या शेवटी ते भूत दिसतं. हाताने चालवताना आपण बऱ्याचदा बॅश आणि पुढे फाइलचं नाव असं चालवतो, त्यामुळे एक्झिक्युट बिट नाही आणि शेबँग चुकलंय ह्या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. म्हणून तपासताना पूर्ण पाथ देऊन थेट फाइलच चालवायची.

डॅशचा किस्सा तर भारी आहे. बॅश आणि डॅश हे दोन शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम. उबंटूने २००६ ला ६.१० मध्ये /बिन/एसएच म्हणजे बॅश हे बदलून डॅश केलं, आणि त्याचं मोठं कारण बूटचा वेग हेच होतं, बूटला शेकडो छोट्या शेल स्क्रिप्ट चालायच्या आणि डॅश बॅशपेक्षा हलका. डेबियननेही नंतर तेच केलं. पण त्यामुळे ज्यांनी वर एसएच लिहून आत डबल चौकोनी कंस, ॲरे, सोर्स असली खास बॅशची भाषा वापरली होती त्यांच्या स्क्रिप्टा आडव्या झाल्या. आजही होतात. ज्या गोष्टीने बूट फास्ट झालं तिनेच बूटच्या स्क्रिप्ट मोडल्या. चेकबॅशइझम्स नावाचं टूल आहे, ते चालवून बघा, नाहीतर सरळ शेबँगमध्ये बॅश लिहा, कुणी बक्षीस देत नाही डॅशसाठी.

आणि जुन्या डेबियन-उबंटूच्या आरसी.लोकल च्या पहिल्या ओळीत एसएच पुढे -ई असायचं. म्हणजे मधली कुठलीही कमांड फेल झाली की पुढचं सगळं रद्द. लोक वर्षानुवर्षं त्या फाइलच्या खाली खाली ओळी जोडत जातात आणि वरची एखादी पिंग बूटच्या वेळी फेल झाली की खालच्या सात गोष्टी गायब.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. नेटवर्क.टार्गेट नंतर चालव असं सांगितलं म्हणजे आयपी मिळाला असं नाही. ते टार्गेट मुख्यतः बंद होतानाच्या क्रमासाठी आहे. खरंच नेट हवं असेल तर नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट, आणि तिथे आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्ही लिहावं लागतं, कारण आफ्टर फक्त क्रम सांगतं, बोलावत नाही. लग्नात मी मामाच्या मागून येईन म्हणालात पण मामाला आमंत्रणच नाही, तर तुम्ही एकटेच येऊन उभे. ह्यात नवीन माणूस हमखास फसतो.

घड्याळाचं वर म्हणलं ते असं, ज्या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, जुने रास्पबेरी पाय हे छोटे कॉम्प्युटर वगैरे, तिथे बूटच्या वेळी तारीख मागची कुठली तरी असते, इंटरनेटवरून वेळ मिळाली की एकदम उडी मारते. तोपर्यंत एचटीटीपीएस सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही म्हणून नकार, आणि तुम्ही दुपारी बसून हाताने चालवता तेव्हा सगळं झकास.

बरं बघायचं कसं? साधी गोष्ट, स्क्रिप्टमध्ये वर सेट -एक्स टाका, म्हणजे चालणारी प्रत्येक ओळ छापली जाते, आणि सर्व्हिस म्हणून चालवा, सगळं जर्नलमध्ये येतं. फार लवकर चालणारी स्क्रिप्ट असेल, म्हणजे जर्नल पण धड उभा नसताना, तर लॉग फाइलवर लिहू नका, रूट डिस्क तेव्हा रीड-ओन्ली असू शकते आणि /टेम्पवर पुढे टेम्प-एफएसची, म्हणजे मेमरीतल्या डिस्कची, चादर पडू शकते, परत तीच चादर. त्यापेक्षा /डेव्ह/केएमएसजी मध्ये एको करा, ओळ कर्नलच्या लॉगमध्ये जाते आणि तो लॉग दाखवणाऱ्या डीमेसेजला कर्नलच्या स्वतःच्या ओळींच्या मध्ये बरोबर जागेवर दिसते, आपल्या आधी कुठलं हार्डवेअर आलं आणि नंतर कुठलं तेही फुकटात कळतं.

सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम बद्दल एक तक्रार. लोक ते चालवतात, सगळ्यात वर जे नाव येतं त्याला डिसेबल करून मोकळे होतात. तो आकडा त्या युनिटला सुरू व्हायला किती वेळ लागला एवढाच सांगतो, त्यातला किती वेळ ते बिचारं दुसऱ्या कुणाची वाट बघत होतं हे सांगत नाही. त्याऐवजी सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन बघा, कोण कुणामुळे थांबलं ते निदान कळतं. आणि नवीन युनिट लिहिलं की सिस्टिमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय चालवा. आफ्टर-बिफोर लिहिताना गोल चक्कर झालं, म्हणजे अ ला ब आधी हवा आणि ब ला अ, तर सिस्टिमडी भांडत बसत नाही, त्यातलं एक काम उचलून फेकून देतो आणि पुढे जातो. लॉगमध्ये ऑर्डरिंग सायकल अशी ओळ असते पण ती कोण वाचतंय, आपल्याला दिसतं की एक सर्व्हिस सुरूच झाली नाही, आणि ती कदाचित आपली नसतेच.

मशीन अजिबात वरच येत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूमध्ये ई दाबायचं, कर्नलच्या ओळीतून क्वाएट आणि स्प्लॅश काढायचं, मी तर कायमचंच काढते, तो लोगो बघून कुणाचं काय भलं झालंय. ओळी भराभर पळून जातात आणि आधीसारखं शिफ्ट-पेजअप करून मागे जाता येत नाही, ते २०२० ला कर्नल ५.९ मध्ये काढून टाकलं, म्हणून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. हसू नका, दोनदा उत्तर त्यातच सापडलंय. बूट अर्ध्यात अडकत असेल तर कर्नलच्या त्याच ओळीत सिस्टिमडी.डीबग-शेल=१ जोडा, कंट्रोल-आल्ट-एफ९ ला रूट शेल मिळतो, बूट अडकलेलं असतानाच आत शिरून सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स विचारता येतं की बाबा कोण कुणाची वाट बघतंय. त्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे काम झालं की आठवणीने काढा.

आणि काहीच जमलं नाही तर त्याच ओळीत इनिट=/बिन/बॅश. म्हणजे कर्नलला सांगायचं की पीआयडी १, म्हणजे सगळ्यात पहिली प्रोसेस, म्हणून इनिट नको, थेट बॅश दे. स्क्रिप्ट नाही, सर्व्हिस नाही, फक्त तुम्ही आणि कर्नल. रूट बहुतेक वेळा रीड-ओन्ली असते, ती रीमाउंट करून आरडब्ल्यू, म्हणजे लिहिता येईल अशी, करायची, फाइल सुधारायची, सिंक मारून ते डिस्कवर उतरवायचं. आणि एक्झिट करायचं नाही! पीआयडी १ मेला की कर्नल पॅनिक होतो, अटेम्प्टेड टू किल इनिट. मी पहिल्यांदा सवयीने एक्झिट मारून स्वतःच घाबरले होते.

सगळ्यात आवडता किस्सा मात्र २०१९ चा आहे, कर्नल ५.३ येत होता तेव्हाचा. ईएक्सटी४ ह्या फाइल सिस्टिममध्ये एक सुधारणा झाली, बूटच्या वेळी डिस्ककडे कमी वेळा जायचं. चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे डिस्कचे इंटरप्ट, म्हणजे तिने कर्नलला मारलेल्या हाका, कमी झाले, आणि कर्नल रँडम आकड्यांसाठी लागणारा गोंधळ अशा इंटरप्टमधूनच गोळा करतो. बूटच्या वेळी युजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, कुणीतरी रँडम आकडे मागितले, कर्नल म्हणाला थांब अजून पुरेसा गोंधळ जमलेला नाही, आणि सगळं बूट तिथेच गोठलं. डिस्क फास्ट झाली म्हणून बूट अडकलं! लिनक्सचा जनक टोरव्हाल्ड्सने ५.३ साठी ती सुधारणा मागे घेतली आणि ५.४ ला कर्नलने स्वतःच गोंधळ तयार करायची सोय केली. माझा एमकेडिर -पी ह्याच्यापुढे फारच किरकोळ, पण जात तीच, प्रत्येक जण आपापलं काम बरोबर करतोय आणि मशीन बंद.

त्या रविवारनंतर मी आमच्या सगळ्या मशीनवरच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये स्लीप शोधून काढले. अकरा निघाले. नऊ काढले, प्रत्येक वेळी तो कशाची वाट बघतोय ते शोधून त्याच्या जागी खरी अट लिहिली, कुठे माउंट, कुठे नेटवर्क, एका ठिकाणी डेटाबेसचा सॉकेट. दहावा एका यूएसबी मोडेमसाठी होता आणि त्या मोडेमच्या फर्मवेअरलाच शुद्धीवर यायला वेळ लागतो, तो तयार आहे हे विचारायची सोयच नाही, त्याला हात नाही लावला. अकरावा स्लीप ४५ आहे. वर कॉमेंट आहे, "हे काढू नये", खाली माझंच नाव आणि चार वर्षांपूर्वीची तारीख. मी का लिहिलं होतं मला आठवत नाही. काढून बघितला, दहा वेळा रिबूट केलं, काही झालं नाही. परत घातला.